एक पट्टी वरचा अल्सीद

न्यू ऑर्लिन्सच्या सातव्या वॉर्डात जन्मलेल्या पुरुषाला दोन गोष्टी याव्या लागतात. एक हाताचं काम आणि दुसरं एक वाद्य. काम पोटासाठी, वाद्य अब्रूसाठी. माझ्यासारखे काही लबाड मोठा ढोल गळ्यात अडकवून या नियमातून सुटतात. पण परांचीवरचा माझा जोडीदार अल्सीद मेतवाये चाळीस वर्षांचा झाला तरी त्याला वाद्याच्या नावानं काही म्हणजे काही येत नव्हतं, आणि हे दुःख तो कुणाला बोलून दाखवत नसला तरी अख्ख्या वॉर्डाला दिसत होतं. मिरवणूक निघाली की बँडच्या मागून जी गर्दी नाचत येते, जिला आम्ही दुसरी रांग म्हणतो, तिच्यात तो असायचा. सगळे नाचत असत आणि हा एकटा नुसता चालत असे, नजर पुढे, बँडवाल्यांच्या टोप्यांवर. काळी टोपी, पुढे चकचकीत छज्जा, त्यावर सोनेरी अक्षरांत बँडचं नाव. ती डोक्यावर चढली की माणूस पहिल्या रांगेत. मग त्याचा न्हावीसुद्धा त्याच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो.

कामात मात्र अल्सीदचा हात धरणारा कोणी नव्हता. आम्ही दोघं गिलावेवाले. पण मी भिंती करायचो आणि तो छतं. त्यानं काढलेली गुलाबांची नक्षी बघताना दोन घरमालकिणींच्या माना लचकल्या आहेत. फक्त एक खोड होती. जगातला कुठलाही बिघाड वर एक थर चढवला की दुरुस्त होतो अशी त्याची श्रद्धा. दार डुगडुगलं, लाव थर. मेव्हणीच्या लग्नात केकचा कोपरा खचला, तेव्हा हा गृहस्थ सुरीवर लोणी-साखर घेऊन पुढे सरसावला आणि कोपरा असा लिंपला की कापायच्या वेळी नवरदेवाला दोन्ही हात लावावे लागले.

आता इसिडोर फुशेच्या बँडात, म्हणजे मी ज्यात ढोल बडवतो त्या बँडात, क्लॅरिनेटवर होता म्हातारा ओनोरे. आणि ओनोरेचे दात चालले होते. क्लॅरिनेट हे दातांच्या आधारानं उभं राहणारं वाद्य. त्यामुळे प्रत्येक मिरवणुकीनंतर सोमवारी परांचीवर आमचा ठरलेला संवाद व्हायचा.

"तेओ, काल ओनोरेला हसताना पाहिलंस?"

"पाहिलं."

"किती दिसले?"

"चार."

"गेल्या महिन्यात पाच होते," असं म्हणून हा सुस्कारा टाकून थापी उचलायचा. त्या सुस्काऱ्यात पाव हिस्सा दुःख आणि पाऊण हिस्सा आशा.

कारण अल्सीदनं गुपचूप क्लॅरिनेट मिळवलं होतं. एका मावशीच्या माळ्यावरून. शिकवायला कोणी नाही, कारण शिकायला गेलं तर वॉर्डाला कळणार. नोटेशन वाचता येत नाही. मग शिकायचं कसं? तर ओनोरे एकदा बर्फाचा गोळा चोखता चोखता मला जे म्हणाला होता ते मी अल्सीदला सांगितलं. ओनोरे म्हणाला होता, क्लॅरिनेटवाल्याला नुसते सूर येऊन भागत नाही, त्याला बोलता यावं लागतं. ट्रम्पेट एक वाक्य बोललं की तुझ्याकडे उलट वाक्य तयार पाहिजे, आणि ते आठवून नाही, आपोआप सुटलं पाहिजे. पाळण्यातलं पोर कुठे पुस्तक वाचून बोलतं? घरातल्यांचं ऐकतं आणि एक दिवस सुरू होतं.

हे ऐकून अल्सीदनं घरातला रेकॉर्ड प्लेअर जवळ ओढला आणि जुन्या क्लॅरिनेटवाल्यांच्या तबकड्या लावायला सुरुवात केली. रोज कामावरून आल्यावर तासभर, रविवारी प्रार्थनेनंतर जेवण होईपर्यंत. सुई ठेवायची, दोन सेकंदांचा एक तुकडा ऐकायचा, सुई उचलायची, तुकडा क्लॅरिनेटवर हुडकायचा. पुन्हा सुई. एकेका तुकड्याला कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. तुकडा हाती लागला की त्याला नाव द्यायचं, कारण लिहिता येत नाही, मग हाक मारणार कशी? एका तुकड्याचं नाव 'पाद्र्याची शिंक'. वर वर वर जातो, थबकतो आणि एकदम खाली फुटतो. एकाचं 'बादली जिन्यावरून'. एकाचं 'जावई आले'. एक फार नाजूक, कुजबुजत सुरू होऊन हळूहळू वर चढणारा आणि संपतच नाही असा, त्याचं नाव 'लूसीलचा राग'. लूसील म्हणजे त्याची बायको. तिला बरेच दिवस वाटत होतं की नवऱ्यानं आपल्या नावानं काहीतरी गोड रचलंय, आणि मी कशाला तोंड उघडू?

तीन वर्षांत एकशे बारा तुकडे झाले. परांचीवर उताणा झोपून छत लिंपताना त्याची बोटं थापीच्या दांड्यावर चालायची. मी खालून ओरडायचो, "जावई आले", की वर बोटांची धावपळ. मी त्याचा एकमेव श्रोता होतो. पुढे जे झालं त्यात माझा दोष किती, यावर वॉर्डात अजून वाद आहे. माझं म्हणणं एवढंच की मी ढोलवाला. ढोलाला पट्टी नसते. कुणी काळी एकमध्ये गातंय की पांढरी चारमध्ये, मला सगळं सारखंच गोड.

ऑगस्टमध्ये ओनोरेचा पुढचा शेवटचा दात भाजलेल्या कणसात राहिला.

अल्सीदनं बातमी ऐकली आणि टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. सप्टेंबर संपता संपता, मी गुपित कानावर घातल्यावर, इसिडोरनं त्याला आमच्या सोसायटीच्या, म्हणजे वॉर्डातल्या लोकांच्या मदत-मंडळाच्या, हॉलमध्ये बोलावलं. इसिडोर ट्रम्पेटवाला, बँडचा मालक, वयानं सत्तरीचा. बँडात कोणाला घ्यायचं हे तो एकाच गोष्टीवरून ठरवतो. आमची एक जुनी मार्च आहे, मिरवणुकीत चालता चालता वाजवायची धून, तिच्या तिसऱ्या भागात सगळे गप्प होतात आणि क्लॅरिनेट एक लांबलचक ओळ वाजवतं. शंभर वळणांची ओळ. ओनोरेनं ती त्याच्या गुरूकडून घेतली, त्यानं त्याच्या. ती आली तर टोपी. नाही आली तर नदीपलीकडचा एक क्लॅरिनेटवाला तयारच होता. आमच्या बँडात नदीपलीकडचा माणूस, ही कल्पना करूनच आमचा ट्यूबावाला गुस्ताव जेवला नव्हता. आणि गुस्ताव साडेसहा फुटी असल्यामुळे त्याचं न जेवणं घरात सगळ्यांना जाणवतं.

रविवारची सकाळ. सगळे प्रार्थनेच्या कपड्यांत. मार्च सुरू झाली. पहिला भाग, दुसरा भाग, अल्सीद डोळे मिटून उभा. तिसरा भाग आला आणि त्यानं ती ओळ सुरू केली.

मी ढोलवाला, तरी माझी काठी अर्ध्यात थांबली. ओळ तीच होती. एकही वळण चुकत नव्हतं, एकही मुरड कमी नव्हती. फक्त ती आमच्याशी जुळतच नव्हती. एखाद्यानं सुरेख अंगरखा शिवावा आणि शेजारच्या माणसाच्या मापाचा शिवावा तसं. शिवाय घाई. आम्ही चालतोय आणि हा गाडी पकडायला निघालाय. ट्रॉम्बोनवाल्यानं कानात बोट घातलं. इसिडोरनं हात वर केला, बँड थांबला. अल्सीद थांबला नाही, डोळे मिटलेले होते ना. ओळ शेवटपर्यंत वाजवून, शेवटी 'पाद्र्याची शिंक' जोडून, त्यानं डोळे उघडले.

"अल्सीद," इसिडोर मऊ आवाजात म्हणाला. तो मऊ बोलायला लागला की आम्ही आपापली वाद्यं पोटाशी धरतो. "तू कुठे निघालायस? आणि आम्हाला का नाही नेत?"

"मिस्टर इसिडोर, राग मानू नका," अल्सीद म्हणाला, "पण तुम्ही सगळे खाली वाजवताय."

"सगळे?"

"सगळे. आधी मला वाटलं एकटा गुस्तावच आहे."

गुस्ताव उठून उभा राहिला. इसिडोरनं त्याला हातानं बसवलं, कोपऱ्यातल्या पियानोकडे गेला आणि एक पट्टी दाबली. "हे आम्ही." मग तिच्या शेजारची वरची पट्टी दाबली. "हा तू." पुन्हा पहिली. "ओनोरे, मी, माझा बाप, त्याचा बाप." पुन्हा दुसरी. "अल्सीद मेतवाये."

इसिडोरनं पियानोचं झाकण लावलं.

"पंचावन्न वर्षं मी रस्त्यावर वाजवतोय," इसिडोर म्हणाला. "ही मार्च या पट्टीत कुणी वाजवलेली मी ऐकलेली नाही. क्लॅरिनेटवर या पट्टीत बोटांची गाठ बसते. माणसं वैतागून लग्न करतात किंवा मठात जातात. तुला अवघड नाही गेलं?"

"गेलं की," अल्सीद म्हणाला. "पण क्लॅरिनेट अवघड असतं असं सगळे म्हणतातच. मला वाटलं, हेच ते."

मग मात्र हॉल फुटला. गुस्ताव ट्यूबात तोंड घालून हसत होता, त्याचा भोंग्यासारखा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. इसिडोर एकटा हसला नाही. तो अल्सीदच्या बोटांकडे बघत होता.

"नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सोसायटीची वार्षिक मिरवणूक आहे," तो म्हणाला. "पाच आठवडे. हॉलपासून पहिल्या थांब्यापर्यंत तू आमच्याबरोबर वाजवायचंस, टोपीशिवाय. ती ओळ आमच्या पट्टीत आली तर टोपी. नाही आली तर थांब्यावरच तुझा आणि आमचा रस्ता वेगळा, आणि पुढे नदीपलीकडचा."

अल्सीदच्या घरी गेल्यावर कारण सापडायला दोन मिनिटं लागली. रेकॉर्ड प्लेअरची चकती पूर्वी घसरायची. तीन वर्षांपूर्वी अल्सीदनं तो उघडला, मोटरच्या दांडीवर चिकटपट्टी गुंडाळली, आणि बंद केला. एक थर. दांडी तेवढी जाड झाली, चकती तेवढी जोरात फिरायला लागली, आणि तीन वर्षं घरातलं सगळं संगीत एक पट्टी वर आणि घाईघाईनं वाजत राहिलं.

"मी सांगत नव्हते?" लूसील स्वयंपाकघरातून म्हणाली. सोमवारसाठी ती लाल घेवडा निवडत होती. "तीन वर्षं सांगतेय, तबकडीवरच्या या बायका नाक चिमटीत धरून का गातात म्हणून. तर म्हणे तुला कळत नाही, ही कला आहे. आणि तेओ, तू मान डोलावत होतास."

मी मान खाली घातली. ढोलवाल्याला एवढंच शक्य असतं.

अल्सीदनं चिकटपट्टी सोलून काढली आणि त्या मार्चची तबकडी लावली. खोलीत तीच ओळ आली, पण जड, संथ, ऐसपैस. तीन वर्षं ज्यांना आपण तरुण पोरं समजत होतो ते सगळे मिशीवाले, पोट सुटलेले गृहस्थ निघावेत तसं झालं. त्यानं क्लॅरिनेट उचललं आणि सूर शोधला. सोपा होता. फारच सोपा. बोटांना विश्वासच बसेना. चार सूर खालच्या पट्टीत वाजले की बोटं आपली आपण वरच्या गाठीत जाऊन बसायची. त्यानं दहादा केलं, दहादा तेच. शेवटी क्लॅरिनेट गादीवर ठेवून तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तेओ, एकशे बारा वाक्यं येतात मला. आणि ज्या गावात बोलतात ते गावच नाही कुठे."

त्याला मी हाताला धरून मादाम ऑर्तांसकडे नेलं.

मादाम ऑर्तांस ही त्याची धर्ममाता, म्हणून तो तिला नानाँ म्हणतो. तिचा बाप क्लॅरिनेटचा मोठा मास्तर होता. आमच्या वॉर्डात त्या घरची जुनी शिस्त अशी, की पोराला वाद्य हातात मिळायच्या आधी एक वर्ष नुसतं गायचं. क्लॅरिनेट भिंतीवर, पोर खाली स्टुलावर, आणि सारेगम चालू. वर्षभर. कितीतरी पोरं त्या भिंतीकडे बघत मोठी झाली. अल्सीदला दहाव्या वर्षी तिथे घातलं होतं. तो पळाला.

नानाँ अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आम्ही आत गेलो तेव्हा ती पियानोपाशी वाटाणे सोलत बसली होती. अल्सीदनं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"चौथ्या महिन्यात पळालास," ती म्हणाली. "आठ राहिलेत. बस."

"नानाँ, पाच आठवडेच आहेत."

"मग लवकर बस. आणि ती काठी इकडे दे."

तिनं क्लॅरिनेट घेतलं आणि चादरींच्या कपाटात ठेवून किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. "तुझी बोटं हुशार आहेत आणि कान अडाणी," ती म्हणाली. "पोपटाला मी हेच म्हणते. आता ती शिंकेची काय भानगड आहे, ती गाऊन दाखव."

अल्सीदनं लाजत गायली. तिनं पियानोची एक पट्टी दाबली. "इथून." त्यानं गायली. तिनं दुसरीच दाबली. "आता इथून." तो अडखळला. "शिंक तीच आहे ना? पाद्री आज वरच्या पायरीवर उभा आहे, उद्या खालच्या. शिंक कशी असते ते कळलं असेल तर पायरी कुठलीही असो." पुन्हा पट्टी. पुन्हा. दीड तासानं आम्ही निघालो तेव्हा पाद्र्याला न्यूमोनिया झाला असावा अशी माझी खात्री होती.

पुढचे तीन आठवडे काय सांगू? रोज कामानंतर नानाँकडे तासभर, आणि दिवसभर परांचीवर गृहपाठ. तिनं सांगितलं होतं, जो आवाज कानावर पडेल तो पकड आणि तिथून सुरू कर. मग आमच्या शहरात आवाजांना काय तोटा? ट्राम वळणावर किंचाळली की अल्सीद तो सूर पकडून 'जावई आले' गायचा. दह्याची बाई ओरडत गेली की 'बादली जिन्यावरून'. समोरच्या सुताराची करवत, शाळेची घंटा, घरमालकाचं घोरणं. पहिले आठ दिवस जमेना. सूर पकडायचा, दोन पावलं जायचा आणि जुन्या पट्टीत घसरायचा. मी खाली गिलावा कालवत, डोक्यात बादल्या गडगडत असताना, संयमाचा पुतळा झालो होतो. लूसील विचारायची, "गातोय का?" मी म्हणायचो, "गातोय. आणि मीही. झोपेत."

पण दुसऱ्या आठवड्यात काहीतरी सुटायला लागलं. तो ट्राम ऐकून थांबेना, ट्रामच्या आधीच तोंड उघडून तयार. आणि गंमत म्हणजे मलाही ऐकू यायला लागलं. मी म्हणालो, "अरे, करवत आणि ती दहीवाली एकाच सुरात आहेत की." अल्सीद परांचीवरून खाली वाकून माझ्याकडे असा बघायला लागला, जणू ढोलच बोलला.

आणि मग तो गुरुवार. दुपारची वेळ, आम्ही एस्प्लनेड रस्त्यावरच्या एका दिवाणखान्यात, तो वर पाठीवर झोपून छताच्या कडेला ओल्या गिलाव्यावरून नक्षीचा साचा ओढतोय. नदीवर एका जहाजानं भोंगा दिला. लांब, जाड, पोटात घुसणारा. अल्सीदनं त्या सुरावर 'लूसीलचा राग' सुरू केला. साचा हातातून न सोडता, विचार न करता. वर चढत गेला. भोंगा संपला, दुसऱ्या जहाजानं उत्तर दिलं, थोडं वरून. आणि अल्सीद न थांबता त्या दुसऱ्या सुरावर वळला आणि पुढे गायला लागला, आणि जे गायला लागला ते एकशे बारांपैकी नव्हतं. मी ते सगळे ओळखतो. हे मी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यानंही नव्हतं.

तो थांबला. वरून गिलाव्याचा एक गोळा माझ्या टोपीवर पडला.

"तेओ," तो छताकडे बघत म्हणाला, "हे कुठनं आलं?"

"मला काय विचारतोस. तुझ्याच तोंडातून आलं."

"पुन्हा भोंगा वाजला तर बरं होईल."

आम्ही दोघं जहाजाची वाट बघत बसलो. त्या दुपारी छताचा एक इंचही पुढे सरकला नाही. घरमालक आला तेव्हा एक गिलावेवाला पाठीवर झोपून गात होता आणि दुसरा रिकाम्या घमेल्यावर ताल धरून बसला होता. त्यानं काही विचारलं नाही. इथलाच माणूस होता.

संध्याकाळी नानाँनं त्याचं ते नवं ऐकलं, उठली, कपाट उघडलं आणि क्लॅरिनेट त्याच्या हातात दिलं. म्हणाली, "चादरी माझ्या सगळ्या याच्या वासानं खराब झाल्या. घेऊन जा."

नोव्हेंबरचा पहिला रविवार. क्लेबोर्न रस्त्यावरची ओकची झाडं तेव्हा अजून उभी होती, अख्खा वॉर्ड त्यांच्या सावलीत जमलेला. सोसायटीचे लोक निळ्या सुटांत, खांद्यावर झालरीचे पट्टे, हातात पिसांचे पंखे. बँडात आम्ही नऊ टोप्या आणि एक उघडं डोकं. ते उघडं डोकं ओनोरेच्या जागी, ट्रम्पेटच्या उजवीकडे. मी मागच्या रांगेत, म्हणजे मला त्याची मान दिसत होती. मान घामानं चमकत होती आणि थंडी पडली होती.

पहिल्या दोन गाण्यांत तो बेतानं, कडेकडेनं वाजवत राहिला. इसिडोरनं हात वर केला, ठरलेल्या खुणेची चार बोटं दाखवली. मार्च. मी ढोल असा घातला की माझ्याच छातीत दणका बसला. दुसरी रांग उसळली, छत्र्या वर. पहिला भाग. दुसरा भाग. तिसरा आला आणि सगळे गप्प, फक्त मी, छोटा ढोल आणि गुस्ताव.

अल्सीदनं सुरू केलं. आमच्या पट्टीत. आमच्या चालीत. पहिलं वळण, दुसरं, दहावं. सूर गोल, भरदार, प्रत्येकाला बसायला खुर्ची दिल्यासारखा. मी गुस्तावच्या पाठीकडे बघितलं, ती सैल झाली होती. अर्धी ओळ झाली. आणि अर्ध्यावर, तिथलं एक वळण फार अवघड, बोटं घसरली. जुन्या घरी गेली. एक पट्टी वर.

मला ते ऐकू आलं. पाच आठवड्यांपूर्वी आलं नसतं. इसिडोरचे खांदे कानापर्यंत वर गेले. गर्दीत कुणीतरी "ओहो" म्हणालं.

आता या जागी जुना अल्सीद डोळे मिटून शेवटपर्यंत एक पट्टी वर वाजवत गेला असता. यानं डोळे उघडले. चुकीच्या सुरावर तो क्षणभर उभा राहिला आणि तिथूनच त्यानं 'पाद्र्याची शिंक' घेतली. वर वर वर, थबक, आणि फुटून खाली. नेमकी आमच्या पट्टीत येऊन उतरली. पायरीवरून घसरलेला माणूस पडता पडता गिरकी घेतो आणि बघणाऱ्यांना वाटतं नाचतोय, तसं. गर्दी ओरडली. त्यानं पुन्हा तेच केलं, मुद्दाम. वर शेजाऱ्याच्या अंगणात उडी, शिंक, आणि घरी परत. तिसऱ्यांदा जाताना तर आधी जरा रेंगाळला, घरी येतो की नाही असं वाटायला लावून.

आणि इसिडोर, ज्यानं त्या ओळीच्या मध्ये कित्येक वर्षांत ट्रम्पेट ओठाला लावलं नव्हतं, त्यानं लावलं. एक वाक्य टाकलं. अल्सीदनं ते पुरतं संपूही दिलं नाही, उत्तर दिलं. इसिडोरनं अजून तिखट विचारलं, यानं 'लूसीलचा राग' अर्धा वाजवून बाकीचा तिथेच नवा जोडला. माझा हात आपोआप जड झाला, गुस्ताव मान हलवायला लागला, दुसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका कमरेवर हात ठेवून नाचत नाचत खाली बसायला लागल्या. तिसरा भाग संपायचा तिथे संपलाच नाही. आम्ही तो चारदा फिरवला. ओळीचा उरलेला अर्धा भाग कुणी वाजवला नाही आणि कुणाला आठवलाही नाही.

पहिला थांबा म्हणजे शेजारच्या सोसायटीचा हॉल. दारात सगळ्यांच्या हातात थंड बियर आणि कागदात गुंडाळलेले खेकडे. अल्सीद भिंतीला टेकून उभा, क्लॅरिनेट काखेत. इसिडोर त्याच्यासमोर येऊन थांबला. मी जवळ सरकलो, गुस्तावही.

"ती ओळ तू पुरी केली नाहीस," इसिडोर म्हणाला.

"नाही, मिस्टर इसिडोर."

"अर्ध्यात घसरलास."

"घसरलो."

"ठरलं काय होतं?"

"ओळ आली तर टोपी," अल्सीद म्हणाला. तो क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करायला लागला होता. पहिला जोड निघाला.

"ती ओळ माझ्या बँडात चारजणांनी वाजवली," इसिडोर म्हणाला. "चौघांनी अगदी बिनचूक. मी चौघांनाही ट्रम्पेटवर काही विचारून पाहिलं होतं. त्यांनी ओळीचाच पुढचा तुकडा वाजवला." त्यानं बियरचा घोट घेतला. "तू मघाशी मला जे ऐकवलंस, त्यातलं निम्मं उद्धट होतं."

"माफ करा."

"माफी कशाला. ओळ पुढच्या शनिवारपर्यंत पुरी करून ये, सकाळी नऊला प्रेतयात्रा आहे. तिथे नाही ऐकून घेणार मी शिंकाबिंका." त्यानं कोटाच्या आतून टोपी काढून अल्सीदच्या छातीवर आपटली. "आणि ते जोड परत लाव. आपण निघतोय."

टोपी ओनोरेची होती, डोक्याला मोठी. कानांपर्यंत आली. लूसील गर्दीतून वाट काढत आली, तिनं ती दोन्ही हातांनी सरळ केली आणि म्हणाली, "आत कागद घाल. थर नको लावूस."

इसिडोर आधीच रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभा होता. त्यानं मागे वळून एका गाण्याचं नाव ओरडलं. फार जुनं गाणं, त्याच्या आजोबांच्या काळचं, आम्हीसुद्धा वर्षातून एकदा वाजवतो. अल्सीद माझ्याकडे वळला.

"तेओ, हे मला येत नाही. कधी ऐकलेलंसुद्धा नाही."

"मला काय सांगतोस, त्यांना सांग."

त्यानं सांगितलं. इसिडोरनं ट्रम्पेट ओठाला लावण्यापूर्वी फक्त एवढंच म्हटलं, "चार घरांएवढं लांब आहे ते गाणं. पाचव्या घराशी तुला येईल."

मी ढोल घातला. पहिल्या घराशी अल्सीद गप्प होता, मान वाकडी, छज्ज्याखाली डोळे बारीक. दुसऱ्या घराशी त्यानं तळाचा एक सूर धरला आणि धरून ठेवला. तिसऱ्या घराशी इसिडोरच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटाला तो शेपटीसारखा लटकत येत होता. चौथ्या घराच्या फाटकातून कुणीतरी भांडं वाजवत बाहेर पडलं, इसिडोर गाण्याच्या सुरुवातीला परत आला, आणि त्याच्या वरून, आमच्या सगळ्यांच्या वरून, क्लॅरिनेट आत शिरलं.